घाट म्हणजे नक्की काय? शब्दाचा अर्थ, उगम आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव पाटण तालुक्यातलं, आईचं माहेर चिपळूणच्या बाजूला, आणि मधे कुंभार्ली घाट. मे महिन्यात मामाकडे जायचं म्हणजे एसटी हेळवाक सोडून घाटाला लागली की आई खिडकी उघडायची आणि म्हणायची, आता खालची हवा लागली. त्यामुळे घाट हा शब्द मला पुस्तकात भेटायच्या आधी पोटात ढवळतो तसा भेटला. पुढे भाषेच्या नादाने त्याच्या मागे लागलो. ओळखीपाळखीचे लोक, भाचरं, ट्रेकवरची मंडळी सारखे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतोय.

घाट म्हणजे डोंगर ना?

नाही. म्हणजे आता त्या अर्थानेही वापरतात, पण मुळात घाट म्हणजे डोंगर नाही, डोंगरातनं चढायउतरायची जागा. आपण रोज बोलतो तेच नीट ऐका: "घाट लागला", "घाट संपला", "घाटात गाडी बंद पडली", "घाट उतरलो". डोंगर कधी लागत नाही आणि संपत नाही, वाट लागते आणि वाट संपते. आंबोली घाट, फोंडा घाट, वरंधा घाट, ताम्हिणी, माळशेज, आंबा, कुंभार्ली ही सगळी वाटांची नावं आहेत. तिथल्या डोंगरांना, सुळक्यांना, गडांना वेगळी नावं असतात आणि गावातल्या माणसाला विचारलं तर तो दोन्ही वेगवेगळी सांगतो.

मग नाशिकचा, वाईचा नदीवरचा घाट हा वेगळा शब्द आहे का?

शब्द एकच. आणि मला वाटतं हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण ह्याचं उत्तर कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

वाईला कृष्णेवर गणपती घाट आहे, ढोल्या गणपतीसमोरचा. तिथे उभं राहून बघा घाटाचं काम काय आहे ते. काठ उंच, पाणी खाली, आणि मधे तुम्हाला पाय ठेवत ठेवत खाली नेणाऱ्या पायऱ्या. आता कुंभार्लीच्या माथ्यावर उभे राहा. देश उंच, कोकण खाली, आणि मधे तुम्हाला खाली नेणारी वाट. काम तेच, फक्त पायऱ्यांच्या ऐवजी वळणं आणि वीस पावलांच्या ऐवजी काही किलोमीटर.

आणि गंमत बघा, ह्याची जोडी मराठीत अजून एका शब्दात सापडते. दरड. नदीचा सरळ तुटलेला काठ असतो त्यालाही दरड म्हणतात आणि डोंगराच्या तुटलेल्या कडेलाही दरड. म्हणजे जिथे दरड आहे तिथे उतरता येत नाही, आणि जिथे उतरता येतं तो घाट. आता आपण दरड हा शब्द फक्त बातमीत "दरड कोसळली" एवढ्यापुरता ठेवलाय, पण आधी तो जागेचा शब्द आहे.

नदीच्या घाटांवरनं आठवलं, काशीला गेलात तर अहिल्या घाट, भोसले घाट, शिंदे घाट असे मराठी घराण्यांच्या नावाचे घाट आहेत, आणि नर्मदेवर महेश्वरला अहिल्याबाईंचे. आपल्या लोकांनी डोंगरातले घाट वापरले आणि नदीवरचे बांधले.

शब्द आला कुठून?

संस्कृतात घट्ट असा शब्द आहे, अर्थ नदीला उतरायची जागा, धक्का. प्राकृतातही घट्टच, आणि मग नेहमीसारखं जोडाक्षर सुटून आधीचा स्वर लांब झाला, घट्ट चा घाट, जसं हस्त हत्थ हात, कर्म कम्म काम. हिंदी, गुजराती, बंगाली सगळीकडे घाट आहेच.

दक्षिणेकडे बघितलं तर कानडीत घट्ट म्हणजे सरळ डोंगररांग, तिकडे "घट्टद मेले" म्हणजे घाटावर आणि "घट्टद केळगे" म्हणजे घाटाखाली असं बोलतात, अगदी आपल्यासारखं. तेलुगूत गट्टु म्हणजे बांध, काठ. हा शब्द संस्कृतातनं दक्षिणेत गेला का दक्षिणेतनं संस्कृतात आला ह्यावर लोक तावातावाने बोलतात, मला त्यात पडायचं नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की काठ, बांध, उतार ह्या अर्थाभोवतीच तो सगळीकडे फिरतो.

एक संस्कृत न्याय आहे, घट्टकुटीप्रभातन्याय. घट्टकुटी म्हणजे घाटावरचा जकात नाका. एक व्यापारी जकात चुकवायची म्हणून रात्री आडवाटेने निघतो, रात्रभर चालतो, आणि उजाडताना बघतो तर नेमका नाक्याच्या दारात उभा. जे टाळायला गेलो तेच समोर आलं की हा न्याय लावतात. पण मला त्यात दिसतं ते हे की घाट म्हटल्यावर नाका आलाच, कारण सगळ्यांना जायची जागा एकच, चुकवणार कुठून.

नाणेघाटात खरंच नाणी गोळा करायचे का?

घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे आणि तो जकातीचा असं पिढ्यानपिढ्या सांगतात. त्यात किती नाणी पडली हे कोण सांगणार, पण हा घाट व्यापाराचा होता ह्यात शंका नाही, कल्याण सोपारा बंदरांकडून वर जुन्नरला यायची ही वाट.

तिथल्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृतातला लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. राणीने केलेले यज्ञ, दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी ह्यांची यादी आहे, आणि आकडे चिन्हांनी लिहिलेत, भारतातल्या जुन्यात जुन्या अंकचिन्हांपैकी ते आहेत. ही राणी नागनिका असं मानतात. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, त्या गेल्या, वर कोरलेली नावं राहिली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊस पाठीमागनं झोडपत होता आणि तरी मी त्या भिंतीसमोरून हललो नाही. राजाने रानात एवढा खर्च करून लेख का कोरावा? कारण तिथनं रोज माणसं जात होती. घाट म्हणजे त्या काळचा हमरस्ता.

माथ्यावरच्या गावाचं नाव घाटघर. आणि भंडारदऱ्याच्या मागे, तिकडेही अगदी कड्याच्या काठाला जे गाव आहे त्याचंही नाव घाटघरच.

मग "पश्चिम घाट" हे नाव कुणी ठेवलं?

युरोपियन लोकांच्या तोंडून ते पडलं. पोर्तुगीज पंधराव्या शतकाच्या शेवटी किनाऱ्याला उतरले, त्यांना वरचा सगळा मुलूख म्हणजे समोर दिसणारी भिंत. स्थानिक लोक म्हणत असणार घाटावर अमुक पिकतं, घाटाखाली तमुक पिकतं, आणि ऐकणाऱ्याने बोट दाखवलेल्या दिशेला बघितलं तर डोंगर. झालं, डोंगराचं नाव घाट. १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन ह्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात जवळपास हाच अंदाज दिलाय, की आधी नदीला उतरायची जागा, मग डोंगर उतरायची वाट, आणि "घाटावर, घाटाखाली" हे ऐकून परक्यांना ते डोंगराचंच नाव वाटलं असावं. मग इंग्रजांनी नकाशे काढले, पश्चिमेचे घाट आणि पूर्वेचे घाट असं छापलं, आणि ते छापील नाव भाषांतर होऊन आपल्या भूगोलाच्या पुस्तकात परत आलं. आपलाच शब्द, पण परक्याच्या कानातनं फिरून आलेला.

पूर्व घाट तर एकसलग रांगसुद्धा नाही, महानदी, गोदावरी, कृष्णा ह्या नद्यांनी मधे मधे तोडलेले डोंगर आहेत ते.

मग आपण काय म्हणायचं, सह्याद्री का पश्चिम घाट?

माझं मत स्पष्ट आहे, आपल्याकडच्या डोंगराला सह्याद्री म्हणा. नाव आहे त्याला, आणि चांगलं जुनं आहे. पुराणातल्या सात कुलपर्वतांत महेंद्र, मलय, सह्य, शुक्तिमान, ऋक्ष, विंध्य, पारियात्र अशी यादी येते. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, त्यात तिच्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, विंध्य, पारियात्र, सह्य अशा पर्वतांचा स्वामी म्हटलंय. म्हणजे जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी ह्याच डोंगरात बसून कुणीतरी त्याचं नाव दगडात कोरलं.

पण तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंतची पूर्ण सुमारे १६०० किलोमीटरची रांग, गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ, तामिळनाडू अशी सहा राज्यांची, तिच्याबद्दल बोलताना पश्चिम घाट म्हटलं तर मी अडवणार नाही, कारण आता ते सगळ्यांना कळणारं नाव झालंय. युनेस्कोने २०१२ मध्ये ३९ ठिकाणं वारसा यादीत घेतली ती ह्याच नावाने, त्यात आपली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. तामिळमधल्या नावात मात्र घाट शब्दच नाही, ते मेर्कु तोडर्चि मलै म्हणतात, म्हणजे पश्चिमेची डोंगररांग.

सह्याद्रीला घाटच का लागतात, हिमालयात तर "ला" आणि "पास" असतात?

कारण सह्याद्री हा दोन्ही बाजूनी उतरणारा डोंगर नाहीच खरं तर, ती दख्खनच्या पठाराची तुटलेली कड आहे. कोकणातनं बघितलं की भिंत, देशावरनं आलं की सपाटीवरनं चालत चालत एकदम कडा. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर आणि खालची खोपोली शंभर मीटरच्याही खाली. पुण्याकडून लोणावळ्याला येताना कुणाला आपण डोंगर चढलो असं वाटतं का? नाही वाटत. फक्त उतरायचंच असतं. म्हणून नदीला उतरायच्या जागेचा शब्द इथे इतका चपखल बसला, पठार म्हणजे काठ आणि कोकण म्हणजे खालचं पात्र.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. हा सगळा डोंगर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरावर थर साचून झालाय आणि ते थर पायऱ्यांसारखे दिसतात म्हणून भूगर्भवाले त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांच्या शब्दावरनं आलेला. म्हणजे तिकडच्या लोकांनी दगड बघून पायऱ्या म्हटलं, इकडच्या लोकांनी वाट बघून घाट म्हटलं.

बालाघाट म्हणजे बाळा का बाला?

फारसी बाला, म्हणजे वरचा. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट. नगर, बीड, धाराशिवकडे जी बालाघाटची रांग आहे तिचं नाव असंच. वऱ्हाडात तर दोन्ही जोडीने होते, पूर्णेच्या खोऱ्यातला सखल भाग पायानघाट आणि दक्षिणेचा उंच भाग बालाघाट. बालक, बाळ ह्यांचा काही संबंध नाही.

घाट आणि खिंड ह्यात फरक काय?

खिंड म्हणजे दोन उंचवट्यांच्या मधली फट, तुम्ही आरपार जाता. घाट म्हणजे पूर्ण चढउतार. एका घाटात माथ्यावर खिंड असू शकते, पण खिंडीला घाट असलाच पाहिजे असं नाही. पावनखिंड बघा, आधीची घोडखिंड, जुलै १६६० मध्ये बाजीप्रभूंनी अडवली ती अरुंद फट होती म्हणून मूठभर माणसांना अडवता आली. उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान सापडला तेव्हा तो कुरवंडे घाट उतरून आला होता, म्हणजे एकाच लढाईत घाटही आहे आणि खिंडही आहे, आणि दोन्हींचं काम वेगळं आहे. घाटाने खाली आणलं, खिंडीत कोंडलं.

नाशिक, बागलाण, खानदेशकडे खिंडीला बारी म्हणतात. सेलबारी, डोलबारी, कांचनबारी.

दिवे घाट, कात्रज, खंबाटकी हे तर कोकणात उतरतच नाहीत, मग ते घाट कसे?

कोकणात उतरलं पाहिजे असा नियम नाही ना, चढउतार पाहिजे. सह्याद्रीतनं पूर्वेला फाटे फुटलेत, ते ओलांडायला हे घाट. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला जाते तेव्हा दिवे घाट चढते, तुकोबांची पुढे रोटी घाटातनं जाते. कन्नड आणि चाळीसगावच्या मधला औट्रम घाट मराठवाड्यातनं खानदेशात उतरतो, कोकण तिथनं कुठल्या कुठे.

बोरघाट बरोबर का भोरघाट?

बोरघाट. इंग्रजांनी स्पेलिंगमधे ह घातला आणि रेल्वेच्या कागदांमुळे भोर घाट पसरलं. भोर गाव वेगळीकडे आहे, तिथनं उतरायचं तर वरंधा घाट. तसंच थळ घाट म्हणजे आपला कसारा घाट.

बोरघाटातनं रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, चढ इतका की ३७ फुटाला एक फूट, म्हणून आजही कर्जतला मागे जादा इंजिनं लागतात. ते काम करताना हजारो मजूर साथीने आणि अपघाताने मेले, त्यांची नावं कुठे नाहीत. रस्त्याच्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे, ह्या धनगराने इंग्रजांना वाट दाखवली अशी कथा आहे, ड्रायव्हर लोक अजून तिथे नाणं टाकतात. नाणेघाटाच्या रांजणापासून शिंग्रोबापर्यंत, घाट ओलांडताना माणसाचा हात खिशात जातोच.

पालघाट आणि घाटकोपर?

पालघाटचा आपल्या घाटाशी संबंध नाही. मल्याळममधे ते पालक्काड, शेवटचं काड म्हणजे रान, पाला झाडांचं रान असा अर्थ सांगतात. इंग्रजांच्या तोंडी त्याचं घाट झालं. तिथे सह्याद्रीत सुमारे ३० किलोमीटर रुंदीचं खिंडार आहे त्यामुळे घाट शोभलंही, पण ते शोभणं योगायोगाचं.

घाटकोपर "घाट के ऊपर" वरनं आलं असं सांगतात ते सोडून द्या. साष्टीतल्या जुन्या गावाचं नाव हिंदी वाक्यावरनं कसं पडेल? कोपर नावाची ठिकाणं आसपास आहेत की, डोंबिवलीजवळ कोपर, खाडीपलीकडे कोपरखैरणे.

"लग्नाचा घाट घातला" मधला घाट तोच का?

नाही, तो वेगळा. तो संस्कृत घट् धातूवरचा, घडणे, घडवणे. घाट घालणे म्हणजे काहीतरी घडवून आणायचा बेत करणे, घाटदार भांडं म्हणजे चांगल्या आकाराचं. हरभऱ्याचे घाटे म्हणजे दाण्याच्या शेंगा, घाटे अळीचं नाव त्यावरनं. हे एकदा एका शेतकरी मित्राने मनापासून विचारलं होतं म्हणून लिहिलं.

हवामान खातं "सातारा घाट परिसरात ऑरेंज अलर्ट" म्हणतं तो कुठला घाट?

कुठलाही एक नाही. घाटमाथ्याचा पट्टा, म्हणजे महाबळेश्वर, नवजा, कोयना वगैरे सगळा भाग. जिल्हा एकच असला तरी घाटमाथ्यावर धो धो आणि पूर्वेला माण, खटावला धूळ, म्हणून वेगळा इशारा देतात आणि ते योग्यच आहे. म्हणजे वाटेचा शब्द आता मराठीतही प्रदेशाचा झालाय, हे मान्य केलं पाहिजे.

घाटी ही शिवी आहे का?

शब्द शिवी नाही. घाटावरचा तो घाटी, जसा कोकणातला तो कोकणी. कोकणात म्हाताऱ्या बायका सहज म्हणतात, "पोरगी घाटावर दिली." माझ्या आईबद्दल असंच म्हणायचे, आणि त्यात काळजी असायची, की लांब दिली, पावसात घाट बंद झाला तर यायची कशी. मसालाही घाटी असतो, लसणाची चटणी पण. संभाजीनगरला तर "घाटीत ऍडमिट केलंय" म्हणजे सरकारी दवाखान्यात.

पण मुंबईत तो शिवीसारखा वापरला गेला, आणि गोव्यात घांटी म्हणून, हे खोटं नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगरहून माणसं गिरण्यांत, गोदीत, माथाडीत आली, डोक्यावर ओझं, बोलणं रांगडं, आणि त्यांना घाटी म्हणताना ओठ वाकडा व्हायला लागला. माझे वडील गिरणीत होते. ते कधी तक्रार करायचे नाहीत, पण एकदा माझ्यासमोर एकाने त्यांना हा शब्द टाकला तेव्हा ते घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत ते मला आठवतंय. म्हणून कुणी मला विचारलं की घाटी म्हणू का, तर मी सांगतो, अर्थ माहीत असेल आणि तोंडात विष नसेल तर म्हण, मी घाटीच आहे. समोरच्याला लागत असेल तर नको म्हणू, मग अर्थ कितीही शुद्ध असू दे.

गाडीरस्ता नसलेल्या जुन्या वाटांना काय म्हणतात?

हे मला सगळ्यात जवळचं. जनावर ओझं घेऊन जाईल तो घाट, बैलांचे तांडे ह्यातनंच जायचे, खालनं मीठ, नारळ, सुकी मासळी आणि वरनं धान्य, गूळ, मिरची. त्याच्यापेक्षा चिंचोळी आणि उभी ती घाटी. दोन कड्यांच्या मधल्या घळीतनं, दगडधोंड्यातनं उतरते ती नाळ, रायगडाच्या वाटेवरची बोराट्याची नाळ, शिंगापूरची नाळ. हरिश्चंद्रगडाला कोकणातनं चढणारी नळीची वाट त्याच कुळातली. जिथे शिडी लावल्याशिवाय किंवा खोबण्या खोदल्याशिवाय जमत नाही ती निसणी.

मामाकडची एक म्हातारी होती, ती पाटणला लेकीकडे यायची तेव्हा एसटीने कधी आलीच नाही. डोक्यावर टोपली घेऊन पायवाटेने चढायची, आणि वर पोचली की दारातनंच सांगायची, "घाट चढून आले गो, पाणी दे आधी."